खोगीरभरतीला नावे ठेवण्यापूर्वी

एखाद्या समितीत काम करणारे चार आणि नुसते बसणारे चाळीस असले, की ‘बाकी सगळी खोगीरभरती’ असे आपण म्हणतो. परीक्षेत उत्तर लांबवण्यासाठी लिहिलेल्या ओळींनाही गुरुजी हेच नाव देतात. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची भरलेली गादी आणि खोगीरभरती म्हणजे तिच्या पोटात कोंबलेला माल. चिंध्या, फाटकी घोंगडी, गवत असे हाताला येईल ते खोगिरात कोंबण्याची रीत होती. त्यावरून ‘खोगीरभरती’ म्हणजे टाकाऊ माल असा अर्थ रूढ झाला. या लेखात मला या बिचाऱ्या शब्दाची बाजू घ्यायची आहे. खोगिराच्या आत काय भरले आहे हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटतो, कारण खोगिराच्या वर बसणारे आपण असतो. खाली असणाऱ्याला विचारले तर तो वेगळे उत्तर देईल.

या प्रश्नाला अलीकडे नवे वळण लागले आहे. पूर्वीपासून चांगले खोगीर लोकर भरून करीत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून परदेशात हवेच्या पिशव्या भरलेली खोगिरेही मिळू लागली. त्यांतल्या एका प्रकारात कारखान्यातच हवा भरून पिशवी कायमची बंद केलेली असते. दुसऱ्या प्रकारात खोगिराच्या दोन्ही बाजूंना पुढे व मागे अशा एकूण चार पिशव्या असतात आणि लहानशा हातपंपाने प्रत्येकीतली हवा कमीजास्त करता येते. लोकर बरी की हवा, याविषयी घोडेस्वारांत वाद आहेत. हा प्रश्न वर्गात विचारला की विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘हवा’ म्हणतात आणि पुराव्यादाखल पास्कलचा नियम सांगतात. नियम बरोबर आहे. तरीही आपल्या जिल्ह्यातील जनावरांसाठी मी लोकरीच्या बाजूने मत देईन. ते का, हे पदार्थविज्ञानाच्याच आधाराने सांगतो. तुम्हाला पटते का, ते पाहा.

घोडे आहेत कुठे?

आता घोडे राहिलेत कुठे, असे तुम्ही म्हणाल. नगरला सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे. तेथे १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात गेलात, तर घोडदळाचे वंशज आता पोलादी पट्ट्यांवर चालतात हे दिसेल. ‘पूना हॉर्स’, ‘डेक्कन हॉर्स’ ही आज रणगाड्यांच्या पलटणींची नावे आहेत. पण लढाईतून घोडा गेला म्हणून तो जिल्ह्यातून गेला असे नव्हे.

पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील धनगर कुटुंबे पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. त्यांतील कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पुढच्या पावसाच्या आधी परत वर येतात. भांडीकुंडी, धान्य, राहायचे पाल, मेंढ्या कोंडायची जाळी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, असा सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. हे घोडे बुटके, काटक आणि घाटाला सरावलेले. भीमा नदीच्या खोऱ्यातील या घोड्याला भीमथडी म्हणतात. मराठ्यांच्या फौजांत त्याचा मोठा लौकिक होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ज्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव आज आपल्या जिल्ह्याला मिळाले आहे, त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी गावी धनगर कुटुंबातच झाला, हेही येथे आठवावे.

घोड्याखेरीज गाढवे आहेत. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि तो दूरदूर प्रसिद्ध आहे. वीटभट्टीवर, नदीपात्रात, अरुंद गल्लीबोळांत आजही गाढवेच माल वाहतात. म्हणजे ज्यांच्या पाठीवर काहीतरी लादले जाते अशी जनावरे आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. आपण पाहतो ते ओझे. ओझ्याखालची गादी पाहायची सवय आपल्याला नाही.

ओझे आणि दाब

ओझे आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही शिकला आहात. एकूण भार भागिले तो ज्या क्षेत्रफळावर पडतो ते क्षेत्रफळ, म्हणजे दाब. रणगाडा सुमारे ४० टनांचा असतो, पण त्याच्या दोन रुंद पट्ट्यांचा मिळून सुमारे ५ चौरस मीटर भाग जमिनीला टेकतो. गणित केले तर दर चौरस सेंटिमीटरला ८०० ग्रॅम एवढाच भार येतो. म्हणून तो नांगरलेल्या शेतातूनही जातो.

आता घोड्याचे गणित करू. ओझ्याच्या जनावरांविषयी आपल्या देशात १९६५ सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा आणि गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. तट्टावर ७० किलो ओझे आणि ५ किलोचे खोगीर धरले तर एकूण ७५ किलो झाले. खोगिराच्या दोन गाद्या पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना टेकतात. कण्यावर काहीही टेकता कामा नये, ती जागा मोकळीच हवी. प्रत्येक गादी ५० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद भागात नीट टेकली, तर दोन्ही मिळून १००० चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७५ ग्रॅम. पाऱ्याची घनता १३.६ आहे, तेव्हा हा दाब सुमारे साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे ५५ मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा झाला.

हा दाब थोडा की फार? आपल्या अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा. नखाखालची गुलाबी कातडी पांढरी पडते. बोट उचलले की गुलाबी रंग परत येतो. दाबाने तेथील केसांहूनही बारीक रक्तवाहिन्या मिटल्या आणि रक्त बाजूला गेले, म्हणून पांढरेपणा आला. माणसाच्या या केशवाहिन्यांतील दाब सुमारे ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका धरतात. घोड्याचा आकडा अगदी हाच असेल असे नाही. पण अंदाजासाठी पुरेसा आहे. याचा अर्थ असा, की नियमात बसणारे ओझे आणि नीट बसणारे खोगीर असूनही पाठीवरचा दाब रक्तवाहिन्या मिटवण्याइतका असतो. चालताना खोगीर थोडे वरखाली होते, दाब क्षणभर कमी होतो, रक्त आत शिरते, म्हणून कातडी तग धरते. पण जनावर ओझ्यासह तासन्‌तास उभे ठेवले तर ही सवडही मिळत नाही.

आता समजा, गादीतला माल गोळा झाला आणि १००० ऐवजी २५० चौरस सेंटिमीटरच भाग टेकू लागला. ओझे तेवढेच, पण दाब चौपट, म्हणजे २२० मिलिमीटर. अशा जागी आधी केस झडतात, मग कातडी सुजते आणि पुढे जखम होते. जखम बरी झाली तरी पुष्कळदा तेथे पांढरे केस उगवतात, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. एखाद्या काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर, खांद्यांमधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसले, तर त्यांना शोभेचे ठिपके समजू नका. कोणे एके काळी त्या जागी खोगीर लागले होते, एवढाच त्यांचा अर्थ असतो.

हवेची बाजू

आता हवेचे गुण पाहू. बंद पिशवीतील हवेचा दाब सर्व दिशांना सारखा असतो, हा पास्कलचा नियम. म्हणून एका पिशवीखाली एकच जागा जास्त टोचते आणि बाकीची मोकळी राहते असे सहसा होत नाही. घोड्याचे स्नायू चालताना आकुंचन पावतात आणि सैल पडतात. त्याबरोबर हवेची पिशवीही आकार बदलते. रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी देतात. तिच्या मागे हेच तत्त्व आहे. हवा गोळा होत नाही, कुजत नाही आणि तिचे वजन नगण्य असते.

शिवाय हवा आणि जनावर यांचे नाते जुने आहे. जॉन बॉयड डनलॉप याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, हे तुम्ही वाचले असेल. हा डनलॉप बेलफास्ट येथे जनावरांचा डॉक्टर होता.

तेव्हा हवेचे खोगीर ही थापेबाजी नव्हे. पुण्यामुंबईच्या एखाद्या घोडेस्वारी क्लबात, छपराखाली बांधलेल्या घोड्यासाठी, ज्याच्याजवळ पंप आहे आणि पिशवीतली हवा तपासून घ्यायला जाणकार माणूस आहे, त्याने ते अवश्य वापरावे. वयात येणाऱ्या किंवा आजारातून उठलेल्या घोड्याची पाठ महिन्यागणिक बदलते. तेथे हवा कमीजास्त करण्याची सोय फार उपयोगी पडते.

घाटात काय होईल?

परंतु हेच खोगीर घेऊन माळशेज घाट उतरू या.

पहिली अडचण पास्कलच्या नियमातूनच येते. पिशवीत सगळीकडे दाब सारखा, म्हणजेच पिशवीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा जास्त जोर लावून ओझे तोलू शकत नाही. उतारावर ओझे पुढे झुकते. पुढच्या भागावर भार वाढला की तिथली हवा मागच्या भागात पळते. पुढचा भाग चपटा होतो, मागचा फुगतो आणि खोगीर आणखीच पुढे कलते. शेवटी पुढे हवा उरतच नाही आणि खोगिराचा लाकडी सांगाडा थेट खांद्यावर टेकतो. ज्या गुणाने दाब सारखा केला, त्याच गुणाने स्थैर्य घालवले. यावर उपाय म्हणून कारागीर पिशवीचे पुढचा व मागचा असे भाग पाडतात, किंवा आत स्पंज भरतात म्हणजे हवा सावकाश पळते. उपाय चांगला आहे. पण भाग पाडले की प्रत्येक भागाचा दाब वेगळा, आणि ‘सगळीकडे सारखा दाब’ हे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घ्यावे लागते.

दुसरी अडचण तापमानाची. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे १० अंश सेल्सिअस असते आणि दुपारच्या उन्हात पाठीवरचे खोगीर सहज ४० अंशांपर्यंत तापते. वायूच्या नियमात तापमान केल्विनमध्ये घ्यायचे असते, हे विसरू नका. २८३ चे ३१३ झाले, म्हणजे सुमारे साडेदहा टक्के वाढ. ही वाढ किरकोळ वाटते ना? आता पुढे पाहा. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब साधारण ७०३ मिलिमीटर पारा असतो. पिशवीत त्याहून ५५ मिलिमीटर जास्त, म्हणजे एकूण ७५८. पिशवीला फुगायला अजिबात वाव नसेल, तर साडेदहा टक्क्यांनी हा दाब सुमारे ८३८ होईल. त्यातून बाहेरचे ७०३ वजा केले की उरतात १३५. म्हणजे पाठीला जाणवणारा जादा दाब ५५ वरून १३५ वर, जवळजवळ अडीचपट गेला! ओझे तर ७५ किलोच आहे. मग दाब अडीचपट झाला याचा अर्थ टेकणारे क्षेत्रफळ तेवढ्या पटीने घटले. गच्च फुगवलेला फुटबॉल जमिनीला एवढासाच टेकतो, तसे हे होते. प्रत्यक्षात पिशवी थोडी फुगते, त्यामुळे दाब इतका चढत नाही. पण कोणत्या दिशेने काय होईल ते यावरून कळते.

तिसरी अडचण उंचीची. कोकणात समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो. पारनेरच्या माळावर भरलेली पिशवी घाट उतरून खाली गेली की बाहेरच्या जास्त दाबाने ती सात-साडेसात टक्के आकसते. जेथे पिशवी आधीच जेमतेम भरलेली असेल, तेथे सांगाडा टेकायला एवढे पुरे होते. परत वर येताना उलट प्रकार. म्हणजे वाटेत पंप काढून हवा बघावी लागणार.

चौथी अडचण तुम्ही माझ्याआधीच ओळखली असेल. बाभळीचा काटा! सायकल पंक्चर झाली तर आपण उतरून ती हातात धरून चालतो. पाठीवर संसार असलेल्या घोड्याची एका बाजूची पिशवी बसली, तर ओझे त्या बाजूला कलंडते आणि पुढचे गाव दहा मैलांवर असते.

पाचवी अडचण घामाची. हवा धरून ठेवायची तर पिशवी अशा पदार्थाची हवी की ज्यातून हवा जात नाही. मग पाण्याची वाफही जात नाही. घोडा हा भरपूर घाम येणारा प्राणी आहे. ओली झालेली कातडी लवकर सोलवटते, हे पावसाळी बूट घालून चाललेल्या कोणालाही ठाऊक आहे.

लोकर काय करते?

‘खोगीर’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारा! वस्तूचे पहिले काम कोणते, हे तिच्या नावातच सांगून ठेवले आहे. लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी वाफ शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही.

लोकरीचा तंतू सरळ नसतो, नागमोडी असतो. असे हजारो तंतू एकमेकांवर रेलून असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत हवाच असते. म्हणजे लोकरीचे खोगीरही एका अर्थी हवेचेच खोगीर आहे, फक्त तिथली हवा एका मोठ्या पिशवीत नसून लाखो लहान कप्प्यांत आहे. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत नाही. दाबले की तंतू वाकतात, दाब काढला की पुन्हा उठतात. पुढे जास्त भार पडला तर पुढची लोकर जास्त दबते आणि जास्त जोराने विरोध करते. त्यामुळे उतारावर खोगीर तोल सांभाळते. ऊन, थंडी आणि घाट यांनी तिच्यात फारसा फरक पडत नाही, कारण ती बंद नसते. काटा शिरला तर काढून टाकायचा.

आणखी एक मोठा गुण म्हणजे लोकर हवी तेथे हवी तेवढी भरता येते. घोड्याच्या दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. डावा खांदा जरा भरलेला असला तर शिवण थोडी उसवून, तेथली मूठभर लोकर काढून दुसरीकडे घालता येते. याला दाभण, सुतळी आणि जाणता हात एवढेच लागते.

लोकरीचे दोष मी लपवणार नाही. वापराने ती दबत जाते. घाम, ऊब आणि घासणे या तिन्हींनी तिचा नमदा होऊ लागतो. मऊ गादीत सुपारीएवढ्या गाठी होतात आणि त्या जनावराला खड्यासारख्या टोचतात. म्हणून ठरावीक काळाने ती उसवून, पिंजून पुन्हा भरावी लागते. जो हे करणार नाही, त्याचे लोकरीचे खोगीर हवेच्या खोगिरापेक्षा वाईट ठरेल. तथापि हे दोष हाताला कळतात आणि हातानेच दुरुस्त होतात. पिशवीतला दाब साठ आहे की एकशे तीस, हे बोटांनी सांगता येत नाही.

म्हणून माझे मत असे: हवा सरस की लोकर सरस, असा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वाटेवर, कोणत्या हवामानात आणि कोणाच्या देखभालीखाली, हे प्रश्नात घातल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. माळावरून घाटात आणि घाटातून कोकणात जाणाऱ्या घोड्यासाठी, वीटभट्टीवरच्या गाढवासाठी, उत्तर लोकर हेच आहे.

वाया जाणारी लोकर

येथे एक गोष्ट मनाला लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिच्या घोंगड्या होतात. तलम शाली होत नाहीत. घोंगड्यांचा खप घटला, सनगरांचे माग बंद पडत गेले आणि आज या लोकरीला कातरणीची मजुरी निघेल एवढाही भाव मिळत नाही. पुष्कळदा ती टाकून दिली जाते. जाड तंतू तलम तंतूपेक्षा उशिराने गोळा होतो, म्हणजे भरतीसाठी हा जाडेपणा अंगचा गुणच म्हणायला हवा. एकीकडे मेंढीची लोकर उकिरड्यावर जाते आणि दुसरीकडे त्याच वाड्यातल्या घोड्याच्या पाठीखाली प्लॅस्टिकचे पोते, जुनी गोधडी किंवा फोमचा तुकडा असतो. फोम नवा असताना छान वाटतो. पण उन्हाने व घामाने त्याचा भुगा होतो आणि पाठीवर नुसते कापड उरते. कानपूरला उत्तम खोगिरे तयार होतात आणि जगभर जातात. आपल्याला तेवढी कारागिरी नको आहे. स्वच्छ धुतलेली, पिंजलेली लोकर आणि जाड कापडाच्या दोन गाद्या एवढ्याने काम भागेल.

एक इशारा

कोणतीही भरती चांगली झाली की एक धोका उभा राहतो. ऊसवाहतुकीच्या बैलगाड्यांची लाकडी चाके जाऊन हवेचे टायर आले. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे कारखाने वाढत गेले, तशी ही टायरगाडी आपल्या जिल्ह्यात सर्रास दिसू लागली. टायरमुळे गाडी ओढायला हलकी झाली. मग त्या हलकेपणाचा फायदा कोणाला मिळाला? गाडीवर ऊस जास्त भरला जाऊ लागला. बैलाच्या मानेवर जू होते तसेच राहिले. लाकडाचा गोल दांडा मानेच्या अगदी थोड्या भागावर टेकतो आणि खांदा सुजतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी आणि जू सुधारण्याचा प्रश्न कितीतरी वर्षे लावून धरला होता. पण शेतात आणि रस्त्यावर जुन्या घाटाचे जू अजून दिसतेच.

खोगिराचेही तसेच होऊ नये. गादी मऊ झाली म्हणून ओझे ७० चे ९० किलो करायचे, तर दाब पुन्हा तिथल्या तिथे. १९६५ च्या नियमांत ओझ्याबरोबर वेळही सांगितली आहे: सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नको, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त नको, आणि ३७ अंशांवर तापमान गेलेल्या भागात दुपारी १२ ते ३ काम नको. नखाचा प्रयोग आठवा. दाब किती हे जसे महत्त्वाचे, तसेच तो किती वेळ राहतो हेही. विसाव्याला ओझे उतरवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खोगीरभरती आहे!

तुम्ही काय करू शकता?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. जाड कापडाच्या १० सेंटिमीटर लांब-रुंद अशा चार पिशव्या शिवा. एकीत लोकर, दुसरीत चिंध्या, तिसरीत उसाचे पाचट आणि चौथीत फोम भरा. पाचवी म्हणून शेकायची रबरी पिशवी हवा भरून घ्या. त्यांवर १० सेंटिमीटर चौरस लाकडी फळी ठेवून किराणा दुकानातील ५ किलो, २ किलो आणि अर्धा किलो अशी वजने ठेवा. साडेसात किलो भागिले १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपण वर काढलेला ७५ ग्रॅमचाच दाब झाला. रबरी पिशवी फळीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे हवा बाजूला सरकून तिथे गणित थोडे चुकेल. ते किती आणि का चुकले, याचाही विचार करा. रोज सकाळी वजन ठेवण्यापूर्वी आणि संध्याकाळी वजन काढल्यावर पिशव्यांची जाडी मोजून वहीत लिहा. पंधरा दिवसांनी प्रत्येक पिशवीवर थोडे पाणी शिंपडून तिचे वजन किती वाढते आणि ती किती वेळात वाळते तेही पाहा. मग पाचही पिशव्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायला हा विषय ज्वालामुखीच्या प्रतिकृतीपेक्षा मला अधिक आवडेल.

दुसरे काम निरीक्षणाचे. मालकाची परवानगी घेऊन, मोठ्या माणसाच्या सोबतीने, खोगीर काढलेल्या घोड्याची पाठ पाहा. मागे उभे राहू नका, बाजूला राहा. सगळीकडे घाम आणि मध्येच एखादी कोरडी जागा दिसली तर विचार करा: तेथे खोगीर टेकलेच नाही, की इतके दाबले गेले की घामाच्या ग्रंथींनाही काम करता आले नाही? दोन्ही कारणांनी कोरडी जागाच दिसते. खरे कोणते, हे ठरवण्यासाठी खोगिराच्या खालच्या बाजूला खडूची पूड लावून ते पुन्हा ठेवा. पूड जेथे उमटली नाही तेथे खोगीर टेकलेले नाही. जेथे ती घासून निघाली तेथे जोर जास्त आहे.

हे सारे करताना मालकाला शहाणपण शिकवायला जाऊ नका. वाड्याबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला घोड्याची पाठ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. तो खोगिरात पोते भरतो ते अज्ञानाने नव्हे. पोते फुकट मिळते आणि लोकर धुऊन, पिंजून द्यायला कोणी उरलेले नसते, म्हणून. तुमचे आलेख त्याला दाखवा, त्याचे म्हणणे ऐका आणि तेही वहीत उतरवा. तुमच्या पिशव्यांनी माझे मत खोटे ठरवले तरी मला आनंदच होईल. घोडामैदान जवळच आहे. पिशव्या शिवायला घ्या.